‘काही लागलं तर सांग’ म्हटल्याने कुणी सांगत नाही

पत्र

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी आमच्या डिपार्टमेंटने फर्स्ट इयरच्या मुलांसाठी मेंटॉरिंग सुरू केलं. ४० सिनियर आणि प्रत्येकाकडे ५ ज्युनियर. पहिल्या दिवशी हॉलमध्ये कार्यक्रम झाला, भाषणं झाली, प्रत्येक गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला. महिन्याभरात सगळे ग्रुप थंड पडले. मी दर आठवड्याला ‘काही अडचण असेल तर सांगा’ असा मेसेज टाकत होते. अंगठे यायचे, बाकी काही नाही. दुसऱ्या सेमिस्टरच्या मध्येच माझ्या गटातली एक मुलगी कॉलेज सोडून गेली आणि ते आम्हाला १५ दिवसांनी कळलं. यंदा सरांनी मेंटॉरिंगची सगळी जबाबदारी माझ्याकडे दिली आहे. मला स्वतःला पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते. मी कुणाला काय मार्गदर्शन करणार? आणि नव्या मुलांना याची खरंच गरज असते, की आम्हीच उगाच त्यांच्या मागे लागतो?

— तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. गरज असते. तुमचे ग्रुप थंड पडले यावरून त्यांना तुम्ही नको होतात असा अर्थ काढू नकोस. आपली गरज ओळखायची आणि ती बोलून दाखवायची, हे काम तुम्ही त्यांच्यावर सोपवलं होतं. पहिल्या वर्षी नेमकं तेच काम सगळ्यात अवघड असतं.

तुझा मेसेज मनापासूनचा होता, यात मला शंका नाही. पण तो वाचणाऱ्याच्या जागी बसून बघ. गणिताच्या तासाला त्याने फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलंय, पण तिसऱ्या ओळीनंतर काय चाललं होतं ते त्याला कळलेलं नाही. लॅबमध्ये शेजारच्याची रीडिंग बघून त्याने आपली लिहिली. प्रोग्रामिंगच्या तासाला आजूबाजूचे भराभर टाइप करत होते आणि त्याचा प्रोग्रॅम पहिल्याच एररवर अडकला होता. शाळेत हाच मुलगा वर्गात पहिल्या पाचांत असायचा. आता जे होतंय त्याला ‘अडचण’ म्हणायचं की ‘आपली कुवतच नाही’ म्हणायचं, हे त्याला ठरवता येत नाही. बरेच जण दुसरं ठरवून बसतात. अडचण असेल तर ती सांगता येते. कुवतीबद्दलची शंका माणूस लपवतो. अशा वेळी तुझा मेसेज येतो आणि तो अंगठा पाठवून देतो.

यात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना मुद्दाम न समजण्यासारखा लेख वाचायला दिला होता आणि फारच अडलं तर येऊन विचारा, असंही सांगितलं होतं. विद्यार्थी विचारायला गेले नाहीत. आपण गप्प आहोत ते लाज वाटते म्हणून, आणि बाकीचे गप्प आहेत ते त्यांना समजलंय म्हणून, असं त्यांना वाटत होतं. पहिल्या वर्षाचा वर्ग अगदी असाच असतो. साठ जण बसलेले, चाळिसांना कळलेलं नाही, आणि त्या चाळिसांतला प्रत्येक जण स्वतःला एकटा समजतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हे आणखी पक्कं होतं, कारण तिथे पाचही जणांची शांतता एकमेकांना दिसते.

म्हणून यंदाच्या कामाचं सूत्र मी असं ठरवेन: ज्याला मदत हवी आहे त्याला ती मागावी लागू नये. मदत अशा जागी आणि अशा वेळी असावी की तो तिथे दुसऱ्या कामासाठी, अभ्यासासाठी, येईल आणि ती आपोआप मिळेल.

हे कसं साधायचं ते सांगण्याआधी सोडून गेलेल्या मुलीबद्दल. ती का गेली हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. मुलं पैशांपायी जातात, घरच्या कारणांनी जातात, तब्येतीमुळे जातात. कधी चुकीची ब्रांच घेतली हे लवकर ओळखून जातात, आणि तो निर्णय बरोबरही असतो. त्यामुळे ती तुझ्यामुळे गेली, हे ओझं घेऊ नकोस. पण तिचं जाणं १५ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, हे मात्र गंभीर आहे, आणि ते एकट्या तुझ्यावर येत नाही. पाच जणांचा गट होता, पण त्या पाचांची एकमेकांशी ओळख नव्हती; प्रत्येकाची ओळख फक्त तुझ्याशी, तीही फोनवरची. तिला आता एक मेसेज जरूर कर. का गेलीस ते विचारू नकोस, माफीही मागू नकोस, नाहीतर तुझं सांत्वन करण्याची वेळ तिच्यावर येईल. ‘तुझी आठवण आली, कशी आहेस’ एवढंच पुरे. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवू नकोस.

आता कामाचं. तुला एक खरी हकीकत सांगते, कारण या विषयात तिच्याइतकं मला दुसऱ्या कशाने शिकवलेलं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, युरी ट्राइसमन नावाचा तरुण गणितात संशोधन करत होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते. प्राध्यापकांना कारण विचारलं तर ठरलेली उत्तरं यायची: शाळेचा पाया कच्चा, जिद्द कमी, घरून पाठबळ नाही, परिस्थिती हलाखीची. ट्राइसमनने या उत्तरांवर विश्वास न ठेवता मुलं प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात ते पाहायचं ठरवलं. २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या मागे तो ग्रंथालयात, होस्टेलमध्ये, जिथे ते बसतील तिथे गेला. कृष्णवर्णीय मुलांमध्ये जिद्दीची कमतरता नव्हती आणि घरच्यांचा पाठिंबाही होता. सांगितलेले तास ते इमानाने अभ्यास करत होते. फक्त एकटे करत होते. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. गणित सुटलं नाही तर आपण आणखी मेहनत करायला हवी, एवढाच निष्कर्ष त्यांना काढता येत होता. चिनी विद्यार्थीही आधी एकटे बसायचे, पण मग एकत्र जमायचे. उत्तरं ताडून बघायचे, एकमेकांच्या चुका काढायचे, जुने पेपर सोडवायचे, आणि एखादं गणित कुणालाच सुटलं नाही की त्यांना कळायचं की ते गणितच अवघड आहे.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाच. एकत्र बसण्याचा सगळ्यात मोठा फायदा उत्तर मिळण्यात नसतो. ‘मलाच येत नाही’ आणि ‘हे अवघड आहे’ यातला फरक कळण्यात असतो. एकट्याला तो कळायचा काही मार्गच नाही.

यानंतर ट्राइसमनने कार्यशाळा सुरू केल्या. छोटे गट, नेहमीपेक्षा अवघड गणितं आणि ती एकमेकांशी बोलत सोडवायची. महत्त्वाचं म्हणजे ‘कच्च्या मुलांसाठी जादा तास’ असं त्याने त्याला म्हटलं नाही. होतकरू विद्यार्थ्यांसाठीचा, जास्त आव्हानाचा कार्यक्रम म्हणून बोलावलं. शाळेत पहिले आलेले विद्यार्थी कमजोरांच्या वर्गाला जात नाहीत, हे त्याने ओळखलं होतं. कार्यशाळेत आलेल्यांचे निकाल बघण्यासारखे सुधारले. १९९२ मध्ये त्याने हे सगळं एका लेखात मांडलं.

तेव्हा तुमच्या पाच-पाच जणांच्या ग्रुपऐवजी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत दीड तासाची बैठक ठेव. दहा-बारा ज्युनियर आणि दोन मेंटॉर. चार-चार जणांनी एका टेबलाभोवती बसायचं. समोर कागदावर पाच-सहा प्रश्न, वर्गात सोडवलेल्यांपेक्षा थोडे वरचे. चौघांसाठी प्रश्नांचा कागद एकच ठेव. प्रत्येकाला वेगळा दिलास की चारही माना खाली जातात आणि खोलीत चार एकांत तयार होतात.

विषय निवड, विद्यार्थी निवडू नकोस. अमेरिकेतच, मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत, १९७३ पासून एक पद्धत सुरू आहे आणि पुढे ती बऱ्याच देशांत गेली. तिचं तत्त्व हेच: ज्या विषयात बरेच जण अडखळतात त्या विषयाला आधाराची बैठक जोडायची आणि ती सगळ्यांना खुली ठेवायची. येणाऱ्यावर मग कसलाही शिक्का बसत नाही. तुमच्याकडे असे विषय कोणते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बहुधा गणित, मेकॅनिक्स आणि प्रोग्रामिंग. सुरुवातीला यातले दोनच घे.

आता मेंटॉर तिथे काय करतो, यावर जरा थांबते, कारण चांगल्या मनाचे सिनियर इथेच सगळं बिघडवतात. ज्युनियर विचारतो, ‘हे कसं करायचं?’ आणि सिनियर पेन हातात घेऊन सोडवून दाखवतो. दोघांनाही बरं वाटतं. ज्युनियरला वाटतं कळलं, सिनियरला वाटतं मदत केली, आणि टेबलावरचे बाकीचे तिघे प्रेक्षक होतात. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा येतो.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. उतारावरून खाली घसरणारा ठोकळा आहे, फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे ठोकळ्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती, काढायची आहे. मुलगा वजन दाखवतो, पृष्ठभागाची लंब प्रतिक्रिया दाखवतो, घर्षण दाखवतो आणि मग उताराच्या दिशेने आणखी एक बाण काढून त्यावर ‘एम ए’ (वस्तुमान गुणिले त्वरण) लिहितो. जवळपास प्रत्येक वर्गात ही चूक होते. ‘हा बाण खोड’ असं सांगितलंस तर तो खोडेल आणि पुढच्या आकृतीत पुन्हा काढेल. त्याऐवजी विचार, ‘हे बल ठोकळ्यावर कोण लावतंय?’ वजन पृथ्वी लावते. प्रतिक्रिया आणि घर्षण उताराचा पृष्ठभाग लावतो. आणि हे चौथं? तो थांबेल. तूही थांब. इथे गप्प बसणं फार जड जातं, पण बस. बहुधा शेजारचा कुणीतरी म्हणेल की हे लावणारं कुणीच नाही, बाकीच्या बलांच्या बेरजेचा तो परिणाम आहे. आता तुझं काम एवढंच, की त्या शेजाऱ्याला म्हणायचं, ‘हेच जरा त्याला समजावून सांग.’ ज्याने विचारलं त्याला उत्तर मिळालं, ज्याने सांगितलं त्याला आपल्याला येतं हे कळलं, आणि दोघांमध्ये एक धागा तयार झाला. तो धागा तुझ्यातून जात नाही, हे सगळ्यात चांगलं.

यशाची माझी कसोटी हीच आहे: महिना-दीड महिन्यात ते चौघं तुझ्याशिवाय भेटायला लागले का? परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांनी एकमेकांना फोन केला का? दर वेळी तुलाच शोधत आले तर तू लोकप्रिय झालीस, पण समूह तयार झाला नाही.

सुरुवात लवकर कर. पहिल्या चाचणीचे मार्क लागण्याआधी मुलं एकमेकांना शोधत असतात, सगळेच अनोळखी असतात, कुणाच्याही शेजारी बसणं सोपं असतं. मार्क लागले की वर्गाच्या अदृश्य रांगा ठरतात. वीसपैकी चार मिळालेला मुलगा त्यानंतर तुमच्या बैठकीला आलाच, तर ‘नापासांच्या बैठकीला’ म्हणून येईल. अॅडमिशन उशिरा झालेल्यांकडे खास लक्ष दे. ते येतात तेव्हा बाकीच्यांच्या जोड्या, लॅबचे गट, होस्टेलच्या खोल्या सगळं ठरून गेलेलं असतं. असा कुणी आला की पहिल्याच दिवशी त्याला एका टेबलावर बसवून तिथल्या एकाला सांग, ‘पहिल्या दोन आठवड्यांच्या नोट्स याला दाखव.’ काम दिलं की ओळख होते. नुसती ओळख करून दिली तर दोघं नावं सांगून गप्प बसतात.

म्हणूनच पहिल्या बैठकीत ओळखीचे खेळ नकोत. कुणाला उभं करून गाणं म्हणायला लावणं, नक्कल करायला लावणं, सिनियरला ‘सर’ म्हणायला लावणं, यातलं काहीही नको, गमतीतही नको. मोठ्यांनी सांगायचं आणि धाकट्यांनी करायचं, ही चौकट एकदा बसली की पुढे तिथे ‘मला समजलं नाही’ म्हणणं शक्य होत नाही. ज्या सिनियरला ज्युनियरने वाकायला हवं असतं, तो कितीही हुशार असला तरी त्याला तुझ्या खोलीत येऊ देऊ नकोस. या एका बाबतीत अजिबात सवलत देऊ नकोस, मग तो तुझा जवळचा मित्र का असेना.

मेंटॉर कोण असावेत, यावरून तुझ्या दोन राहिलेल्या विषयांकडे येते. मला दुसऱ्या वर्षाची मुलं सगळ्यात जास्त पसंत आहेत, मग तिसऱ्या. एखादी गोष्ट पक्की येऊ लागली की ती न येणं कसं होतं हे माणूस विसरतो. शेवटच्या वर्षाच्या टॉपरला डेफिनिट इंटिग्रल कुठे अडतं हे आठवत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला कालपरवाचं आठवतं. तुला तर फारच नीट आठवत असेल. विषय राहिल्याचं कळलं त्या दिवशी काय झालं, घरी कसं सांगितलं, मग अभ्यास कोणाबरोबर केला, कोणता प्रश्न पहिल्यांदा सुटला, हे तुझ्याकडे आहे. ते मार्गदर्शनाच्या आड येत नाही. उलट तेच तुझं खरं भांडवल आहे.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी सिनियरांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आपण इथले नाही असं वाटायचं, असं जवळपास सगळ्यांनाच वाटतं, आणि हळूहळू ते मागे पडतं. मग विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत त्यावर लिहिलं आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं. सगळं मिळून साधारण तासाभराचं काम. पुढची तीन वर्षं पाहिल्यावर दिसलं की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे ग्रेड सुधारले होते आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं त्यांचं अंतर जवळपास निम्म्यावर आलं होतं.

तेव्हा तुझी गोष्ट सांग, पण नीट सांग. ‘माझेही दोन विषय राहिले होते, काळजी करू नका’ एवढ्याने काही होत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, तुझं ठीक झालं, माझं होईलच असं नाही. पुढे काय केलंस ते तपशिलात सांग. कोणाला विचारलंस, कुठल्या दिवशी, कशाने फरक पडला, कशाने पडला नाही. आणि ती ढाल किंवा पदक म्हणून मिरवू नकोस. सिनियरांच्या तोंडून ‘आम्हीसुद्धा शेवटच्या रात्रीच अभ्यास केला’ असली वाक्यं फार जातात, आणि नव्या मुलांचं त्याने फार नुकसान होतं.

गट करताना आणखी एक गोष्ट पाळ. वर्गात मुली थोड्या असतील तर प्रत्येक टेबलावर एक-एक वाटून टाकायचा मोह होतो, समतोल दिसतो म्हणून. तसं करू नकोस. चौघांत एकटी पडलेली मुलगी बहुतेकदा लिहून घेण्याचं काम करते आणि बोलणं बाकीचे तिघे करतात. दोघी एका टेबलावर असतील तर चित्र बदलतं. ज्यांची मातृभाषा वेगळी आहे किंवा जे वर्गात कुठल्याही कारणाने मोजके आहेत, त्यांच्याबाबतही हेच. मुलींना मुलगीच मेंटॉर मिळेल असं शक्य तितकं बघ. तारा डेनेही आणि नीलांजना दासगुप्ता यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थिनी होत्या. काहींना सिनियर मुलगी मेंटॉर म्हणून दिली, काहींना सिनियर मुलगा, काहींना कुणीच नाही. जिच्या वाट्याला मुलगी मेंटॉर आली होती अशी एकही विद्यार्थिनी पहिल्या वर्षाच्या अखेरीस इंजिनिअरिंग सोडून गेली नव्हती. आणि भेटी काही रोज होत नव्हत्या, वर्षभरात मोजक्याच. फरक मार्कांमुळे पडलेला नव्हता. ‘मी इथली आहे’ आणि ‘मला हे जमेल’ या भावनेमुळे पडला होता.

आता तुझे साप्ताहिक मेसेज. ते बंद कर, आणि त्यांच्या जागी नेमकं विचार, एकेकाला, शक्यतो समोरासमोर. ‘मॅट्रिक्सच्या प्रश्नांत कुठपर्यंत आलीस?’ ‘मंगळवारच्या लॅबला तुझ्या जोडीला कोण असतं?’ ‘सबमिशनच्या तारखा लिहून घेतल्यास का, दाखव बरं.’ अशा प्रश्नांना अंगठा दाखवून चालत नाही. जोडीला कोण असतं, या प्रश्नाचं उत्तर ‘कुणी नाही, मी एकटाच करतो’ असं आलं, तर तेच तुला कळायला हवं होतं.

एक नियम सगळ्या मेंटॉरांनी पाळा. कुणी लागोपाठ दोन बैठकांना आलं नाही, तर त्याच दिवशी दोघांपैकी एका मेंटॉरने त्याला प्रत्यक्ष भेटायचं, नाहीच जमलं तर फोन करायचा. जाब विचारायचा नाही. ‘तू दोनदा दिसला नाहीस म्हणून आले’ एवढं म्हणायचं. काहींना ते आवडणार नाही, आणि मला यायचं नाही असं ते स्पष्ट सांगतील. तेही चालेल. पण आपलं नसणं कुणाच्यातरी लक्षात आलं, हे त्याच्यापर्यंत पोचतं.

कधीकधी या भेटीत तुला पेलणार नाही असं काही समोर येईल. कुणी झोपत नसेल, दिवसचे दिवस खोलीबाहेर पडत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलून जाईल. तिथे तू मेंटॉर म्हणून सल्ला द्यायला जाऊ नकोस. कॉलेजच्या समुपदेशकांचा, डॉक्टरांचा आणि रात्रीच्या वेळी गाठता येतील अशा जबाबदार माणसांचा नंबर प्रत्येक मेंटॉरच्या फोनमध्ये आधीच हवा. नुसता नंबर देऊन मोकळी होऊ नकोस, दारापर्यंत बरोबर जा. आणि ‘कुणाला सांगू नकोस’ असं वचन अशा वेळी देऊ नकोस. बाकी सगळं तुमच्यात राहील, पण जिवाला धोका असेल तर मी सांगणार, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना बोलून ठेव.

ज्युनियर तुमच्याकडे सगळ्यात आधी मागतात ती गोष्ट म्हणजे पूर्ण केलेलं जर्नल. ते देऊ नका. जुन्या प्रश्नपत्रिका मात्र सगळ्यांना उघडपणे द्या. ज्यांची भावंडं किंवा ओळखीचे सिनियर आहेत त्यांच्याकडे त्या असतातच; ज्यांचं कुणी नाही त्यांच्यापर्यंत पोचवणं, हेच तर तुमचं काम.

४० मेंटॉर नकोत. दर आठवड्याला नक्की येतील असे दहा-बारा शोध, त्यांच्या जोड्या लाव म्हणजे एकाची परीक्षा असली तरी बैठक चुकत नाही. वर्ग मोठा असेल तर सगळ्यांना पुरणार नाही, हे मान्य कर. जितक्यांना नीट सांभाळता येईल तितकेच गट सुरू कर. कॉलेज सुरू होण्याआधी या मेंटॉरांची एक दुपार घे आणि एकाने ज्युनियर व्हायचं, एकाने सिनियर, असं करून पेन हातात न घेता मदत करण्याचा सराव करून घे. हे ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्यांदा प्रत्येकाचा हात पेनाकडे जातो. मग दर पंधरा दिवसांनी अर्धा तास मेंटॉर आपसांत भेटोत. कोण दिसत नाही, कोणता प्रश्न कुणालाच सुटला नाही, एवढंच बोला. प्रश्नांचे कागद जपून एका फाइलमध्ये ठेव, आणि यंदाच्या ज्युनियरांतला जो शेजाऱ्याला छान समजावतो त्याचं नाव त्याच फाइलमध्ये लिहून ठेव. पुढच्या वर्षीचे मेंटॉर तिथूनच येतील.

सरांशी मात्र आधी स्पष्ट बोलून घे. त्यांच्याकडून तुला तीन गोष्टी हव्यात: कायमची एक खोली, ज्या वेळी फर्स्ट इयरचं कुठलंही प्रॅक्टिकल नाही असा टाइमटेबलमधला दीड तास, आणि या बैठकीची हजेरी किंवा कोण कशात कच्चं आहे याची यादी मागणार नाही असा शब्द. तिसरी गोष्ट त्यांना पटायला वेळ लागेल, कारण त्यांनाही वर अहवाल द्यायचा असतो. किती बैठका झाल्या, किती जण आले, कोणते प्रश्न सोडवले, हे आकडे दे. नावं देऊ नकोस. एकदा जरी मुलांना वाटलं की इथे बोललेलं सरांपर्यंत जातं, तर खोली रिकामी होईल आणि ती पुन्हा भरणार नाही. पहिली बैठक पहिल्या चाचणीच्या किमान तीन आठवडे आधी व्हायला हवी. टाइमटेबल एकदा छापलं गेलं की त्यात जागा मिळत नाही, तेव्हा खोलीचा आणि वेळेचा अर्ज याच आठवड्यात देऊन ये.